सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका आणि विधी सीईटीचा अभ्यासगट : सात महिन्यांचा अनुभव

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, न्यायालयाच्या आवारात, मी गेली चौदा वर्षे टंकलेखनाचे काम करते. वकीलपत्रे, प्रतिज्ञापत्रे, वारसाचे अर्ज, मोटार अपघाताच्या भरपाईचे दावे असे दुसऱ्यांचे कागद करता करता आपणही कायद्याचे रीतसर शिक्षण घ्यावे ही इच्छा बळावत गेली, आणि वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडून घेतली जाणारी विधी सीईटी द्यायचे ठरवले. या परीक्षेला कमाल वयाची अट नाही आणि खुल्या प्रवर्गासाठी पदवीला ४५ टक्के गुण पुरेसे असतात, त्यामुळे कागदोपत्री मला कोणतीही अडचण नव्हती. अडचण होती ती अभ्यासाला बसण्याची, आणि बसल्यावर आपले कुठे चुकते हे सांगणारे कोणीतरी जवळ असण्याची. ऑक्टोबर २०२४ पासून मे २०२५ मधील परीक्षेपर्यंत ही गरज आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेने आणि तेथे दर रविवारी भरणाऱ्या अभ्यासगटाने भागवली. पुढचा मजकूर त्या सोयीविषयी आहे. काही उणिवाही लिहायच्या असल्याने वाचनालयाचे आणि गावाचे नाव देत नाही. पण महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाल्यापासून शासनमान्य वाचनालये राज्यभर उभी राहिली आहेत आणि त्यांतील पुष्कळांना आता अशी अभ्यासिका जोडलेली असते, तेव्हा हा अनुभव इतर गावांतील वाचकांनाही उपयोगी पडेल असे वाटते.

वाचनालयाकडे वळण्यापूर्वी मी एका खासगी संस्थेचा मोबाइलवरचा अभ्यासक्रम साडेनऊ हजार रुपये भरून घेतला होता. त्यातील व्याख्याने वाईट नव्हती. शिकवणाऱ्यांचे वाचन चांगले होते. परंतु सगळे शिकवणे इंग्रजीत होते, आणि शंका विचारण्यासाठी जी खिडकी दिली होती तीत लिहिलेल्या प्रश्नाला दोन-तीन दिवसांनी उत्तर येई, तेही बहुतेक वेळा पुस्तकातील तोच परिच्छेद पुन्हा चिकटवलेले असे. मला तो परिच्छेद पाठ होता. मी विचारत होते ते माझ्या विचाराची पायरी कुठे निसटली हे. शिवाय २०२५ च्या परीक्षेपासून तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची प्रश्नसंख्या १५० वरून १२० वर आली, तरी त्या अभ्यासक्रमातील सराव चाचण्या शेवटपर्यंत १५० प्रश्नांच्याच राहिल्या. दोन तासांत दीडशे प्रश्न सोडवण्याची घाई आणि दोन तासांत एकशेवीस प्रश्न सोडवताना मिळणारा प्रश्नामागे एक मिनिटाचा अवकाश यांत मोठा फरक आहे, आणि तो अंगवळणी पाडण्यासाठीच तर सराव असतो.

अभ्यासिकेचे मासिक शुल्क तीनशे रुपये आणि परत मिळणारी अनामत पाचशे रुपये आहे. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर चौतीस जणांची सोय आहे. प्रत्येक जागेला तिन्ही बाजूंनी आडोसा, वर दिवा आणि खाली मोबाइल व वह्या ठेवायला कप्पा आहे. पहाटे सहापासून रात्री दहापर्यंत दार उघडे असते. उन्हाळ्यात दुपारी छताचा पत्रा तापतो आणि पंख्यांचा फारसा उपयोग होत नाही. एप्रिलमध्ये मी दुपारची वेळ सोडून दिली आणि पहाटे सहा ते नऊ हीच वेळ पक्की केली. बसस्थानकाजवळ वातानुकूलित खासगी अभ्यासिका आहे, तिचे शुल्क महिना हजार रुपये आहे. तेथील खुर्च्या निश्चितच अधिक चांगल्या आहेत. पण तेथे शेजारचा माणूस कोणत्या परीक्षेचा अभ्यास करतो हे सहा महिने शेजारी बसूनही कळत नाही, आणि माझ्यासारख्या एकटीने तयारी करणाऱ्या व्यक्तीला ही बाब खुर्चीपेक्षा महत्त्वाची आहे.

महिलांसाठी स्वतंत्र रांग राखून ठेवलेली आहे. संध्याकाळी सातनंतर त्या रांगेत मी बहुधा एकटीच असे, कारण मुलींना अंधार पडल्यावर घरी जावे लागते; स्वच्छतागृह तळमजल्याच्या मागच्या बाजूस असून तेथील दिवा तीन आठवडे बंद होता. मी तक्रारवहीत दोनदा लिहिल्यावर तो लागला. ज्या वाचनालयाने महिलांसाठी रांग राखली, त्याने हा दिवा तक्रारीविना लावायला हवा होता, असे मला स्पष्टपणे वाटते.

आता अभ्यासगटाविषयी. तो वाचनालयाचा अधिकृत वर्ग नाही. जिल्हा न्यायालयातून सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ तो चालवतात. कोर्टातल्या सवयीने आम्ही सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतो. ते मोबदला घेत नाहीत. वाचनालय त्यांना रविवारी सकाळी नऊ ते बारा बालविभागाची खोली देते. आमच्या गटात अकरा जण होते. दोघे नुकतेच पदवीधर झालेले, एक पतसंस्थेतील लिपिक, एक निवृत्त सैनिक, दोन गृहिणी, एक शेती करणारा बी.कॉम. झालेला तरुण, इतर स्पर्धा परीक्षांतून इकडे वळलेले तिघे आणि मी. पहिल्या तासात चाचणी, दुसऱ्या तासात चुकांची चर्चा आणि तिसऱ्या तासात एखादा विषय, असा क्रम सातही महिने मोडला नाही. दिवाळीच्या रविवारीसुद्धा चौघे हजर होते आणि भाऊसाहेबही होते.

गटाचे खरे काम दुसऱ्या तासात होते. प्रत्येकाने एक चुकांची वही ठेवायची, आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न तीन रकान्यांपैकी एकात लिहायचा : माहिती नव्हती, वाचण्यात घाई झाली, आणि दिलेल्या तत्त्वाच्या बाहेर गेले. माझा तिसरा रकाना सर्वांत लांब निघाला. विधी अभियोग्यतेच्या प्रश्नांत आधी एक तत्त्व दिलेले असते, मग एक प्रसंग, आणि ते तत्त्व त्या प्रसंगाला लावून उत्तर काढायचे असते. तत्त्व खऱ्या कायद्याशी जुळते की नाही, हा प्रश्न तेथे गैरलागू असतो. एका चाचणीत तत्त्व असे होते की, जो स्वखुशीने धोका पत्करतो त्याला त्या धोक्यातून झालेल्या इजेची भरपाई मागता येत नाही; आणि प्रसंग होता मोटारींची शर्यत पाहायला तिकीट काढून गेलेल्या व वळणावर उडालेल्या गाडीमुळे जखमी झालेल्या प्रेक्षकाचा. मी आयोजकांनी भरपाई द्यावी असे उत्तर लिहिले. चौदा वर्षे मोटार अपघाताचे दावे टंकित केलेल्या माझ्या हाताला गाडी, इजा आणि भरपाई हे तीन शब्द एका ओळीत लिहायची सवय होती. भाऊसाहेबांनी माझी वही पाहिली आणि म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही दावा लिहिलात. प्रश्नाचे उत्तर लिहिले नाहीत. या कागदावर जेवढे आहे तेवढ्यावरच निकाल द्यायचा.’’ पुढचे दोन महिने मी प्रत्येक प्रश्नातील तत्त्वाखाली पेन्सिलने रेघ मारून मगच प्रसंग वाचू लागले. ऑक्टोबरमधील पहिल्या चाचणीत मला दीडशेपैकी ५८ गुण होते. एप्रिलच्या अखेरच्या चाचणीत एकशेवीसपैकी ८४. ही वाढ वाचनाने थोडी झाली आणि त्या तिसऱ्या रकान्याने अधिक झाली.

प्रत्यक्ष परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठीतही असते, फक्त इंग्रजी भाषेचा विभाग तेवढा इंग्रजीत. मराठीतून शिकलेल्यांना यामुळे धीर येतो, पण कायद्याची मराठी ही घरातली मराठी नव्हे आणि येथेच गटाचा उपयोग विशेष झाला. करारासाठी ‘संविदा’, ज्या मोबदल्यावर करार उभा राहतो त्यासाठी ‘प्रतिफल’, फौजदारी नसलेल्या पण भरपाईस पात्र अशा गैरकृत्यासाठी ‘अपकृत्य’ हे शब्द इंग्रजी संज्ञांसह प्रत्येकाने वहीत लिहावेत असा भाऊसाहेबांचा आग्रह असे. ‘अज्ञान’ या शब्दावर तर त्यांनी पूर्ण तास घेतला. गटातील गृहिणी ‘अज्ञान व्यक्तीशी केलेली संविदा’ याचा अर्थ ‘अडाणी माणसाशी केलेला करार’ असा लावत होत्या, आणि त्यांची चूक स्वाभाविक होती. भाऊसाहेबांनी शेती करणाऱ्या तरुणाला त्याच्या घरचा जुना सातबारा आणायला सांगितले. त्यावर आजोबांच्या मृत्यूनंतर नावे लागलेल्या दोन मुलांपुढे ‘अ.पा.क.’ अशी अक्षरे आणि आईचे नाव होते. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलांच्या वतीने व्यवहार पाहणारी व्यक्ती, हे त्या एका कागदावरून सर्वांना कायमचे समजले. त्यानंतर १८७२ च्या संविदा अधिनियमातील, संविदा करण्यास कोण पात्र हे सांगणारे अकरावे कलम आणि अज्ञान व्यक्तीशी केलेली संविदा मुळातच शून्य, म्हणजे कायद्याने निरर्थक ठरवणारा, ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलचा १९०३ मधील मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा निर्णय त्यांनी सांगितला. मी ‘अ.पा.क.’ ही अक्षरे शेकडो वेळा टंकित केली होती. त्यांच्यामागे उभा असलेला कायदा मला त्या सकाळी प्रथमच दिसला.

चुकीच्या उत्तराला या परीक्षेत गुण वजा होत नाहीत. हे सर्वांना ठाऊक असते, तरी घाईत प्रश्न कोरे राहतात. गटात म्हणून चाचणीची शेवटची पाच मिनिटे उरली की भाऊसाहेब टेबलावर पेन आपटत, आणि त्या पाच मिनिटांत उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला काही ना काही उत्तर द्यायचे असा नियम होता. परीक्षा संगणकावर असल्याने वाचनालयाच्या चार संगणकांवर आळीपाळीने सराव करण्याचीही सोय त्यांनी करून दिली. निवृत्त सैनिक असलेल्या आमच्या सहाध्यायांना माउसची सवय नव्हती. पर्याय निवडून पुढच्या प्रश्नाकडे जाण्यात त्यांचा जो वेळ जाई तो चार रविवारांत निम्म्यावर आला.

इंग्रजीच्या बाबतीत मात्र गट कमी पडला, आणि ही उणीव लहान नाही. तीन वर्षांच्या परीक्षेत १२० पैकी ४० गुण इंग्रजीला, ३२ सामान्य ज्ञान व चालू घडामोडींना आणि प्रत्येकी २४ विधी अभियोग्यता व तर्कक्षमतेला आहेत. म्हणजे सर्वांत मोठा वाटा त्याच विषयाचा आहे ज्यासाठी आमच्याकडे जाणकार कोणी नव्हते. भाऊसाहेबांचे कार्यालयीन इंग्रजी उत्तम आहे, पण उताऱ्यावरील प्रश्न किंवा वाक्यातील चूक शोधणे हे शिकवण्याचा त्यांचा पिंड नाही, आणि त्यांनी ते पहिल्याच दिवशी सांगितले. मी आणि पतसंस्थेतील सहाध्यायी रोज सकाळी वाचनालयाच्या इंग्रजी वृत्तपत्रातील एक लेख एकमेकांना वाचून दाखवत असू आणि अडलेले शब्द लिहून काढत असू. त्याने वाचनाची भीती गेली, व्याकरणाचे गुण मात्र फारसे वाढले नाहीत. ज्यांचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे त्यांनी या विषयासाठी वेगळी शिकवणी लावावी, असे मी स्वच्छपणे सुचवेन. खासगी अभ्यासक्रमावर खर्च झालेल्या माझ्या रकमेपैकी इंग्रजीचा भाग तेवढा कामाला आला, हेही येथे नोंदवणे न्यायाचे होईल.

दुसरी उणीव पुस्तकांच्या कपाटाची. कायद्याच्या विभागातील बहुतेक मार्गदर्शके २०२४ पूर्वीची होती. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमे आली आणि गावातल्या लहान मुलालाही माहीत असलेली कलमे बदलली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ झाले आहे, फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये गेले आहे. फौजदारी प्रक्रियेचा आणि पुराव्याचा कायदाही त्याच दिवशी बदलला. नवख्या विद्यार्थ्याने कपाटातील जाडजूड, चांगल्या बांधणीचे पुस्तक विश्वासाने उचलावे आणि रद्द झालेली कलमे पाठ करावीत, हे माझ्या डोळ्यांदेखत घडले. जुनी पुस्तके ठेवायला हरकत नाही, न्यायालयात जुने खटले जुन्याच कलमांखाली वर्षानुवर्षे चालतील. पण त्यांच्यावर तशी चिठ्ठी हवी. मी ग्रंथपालांना हे सांगितले तेव्हा त्यांनी खरेदीचे अनुदान वेळेवर येत नसल्याची अडचण सांगितली. ती खरी असेल. चिठ्ठी चिकटवायला मात्र अनुदान लागत नाही, आणि शेवटी ते काम गटातल्या दोघांनी एका दुपारी पूर्ण केले. राज्यघटनेसाठी शासनाने प्रसिद्ध केलेली ‘भारताचे संविधान’ ही मराठी आवृत्ती कपाटात होती, तिचा उपयोग सर्वांनी केला.

ज्याची मी अपेक्षा केली नव्हती ती मदत कागदपत्रांची होती. परीक्षा झाल्यावर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत कागदपत्रे अपलोड करावी लागतात आणि त्यांची छाननी होते. अधिवास, पदवीच्या गुणपत्रिका, जातीचे प्रमाणपत्र, लागू असल्यास उन्नत गटात मोडत नसल्याचे (नॉन-क्रीमी लेयर) प्रमाणपत्र. या शेवटच्या प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, हे आमच्या गटातील तिघांना माहीत नव्हते. भाऊसाहेबांनी मार्चमध्येच प्रत्येकाची फाइल उघडून पाहिली आणि ज्यांचे कागद अपुरे होते त्यांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सेतू केंद्रावर पाठवले. चांगले गुण मिळूनही एका कागदासाठी पहिल्या फेरीतील जागा गेलेली माणसे मी माझ्या टेबलासमोर पाहिली आहेत. आमच्या गटातील कोणाचीही जागा त्या कारणाने गेली नाही. उपस्थितीचा मुद्दाही त्यांनीच काढला. कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांनुसार प्रत्येक विषयाला सत्तर टक्के उपस्थिती लागते, तेव्हा पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याने प्रवेशाआधीच रजेचा आणि पगाराचा विचार करावा, असे त्यांनी पतसंस्थेतील सहाध्यायांना सांगितले. आणि घरच्यांशी बोलून त्या सहाध्यायांनी एक वर्ष थांबण्याचा निर्णय घेतला. उमेदवाराला थांबण्याचा सल्ला देणारी शिकवणी मला दुसरीकडे कोठे भेटलेली नाही.

बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांनी, विशेषतः राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही प्रवेश परीक्षा देणाऱ्यांनी, या गटावर विसंबू नये. नोव्हेंबरपर्यंत आमच्यात बारावीची एक हुशार मुलगी येत असे. क्लॅटची प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजीत असते, सर्व प्रश्न उताऱ्यांवर असतात, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो आणि परीक्षा डिसेंबरमध्येच होते. आमची शेवटच्या पाच मिनिटांची सवय तिच्यासाठी हानिकारक होती, हे लक्षात आल्यावर भाऊसाहेबांनी स्वतःहून तिला दुसरा मार्ग शोधायला सांगितले. आर्थिक अडचण असलेल्या मुलांना अशा परीक्षेसाठी तयार करणारी ‘इडिया’ ही संस्था २०१० मध्ये प्रा. शमनाद बशीर यांनी सुरू केली, आणि विधी विद्यापीठांतील विद्यार्थी स्वयंसेवक तिचे काम करतात. तिची माहिती मला त्या वेळी असती तर मी त्या मुलीला नक्की दिली असती. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे असताना तालुक्याच्या गावातील मुलीला त्यांच्या परीक्षेची तयारी मराठी आधाराने करण्याची सोय जवळपास मिळू नये, याची मला फार खंत वाटते.

मला दुसऱ्या फेरीत जिल्ह्याच्या ठिकाणच्या विधी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. सकाळची बस सातला असते, त्यामुळे अभ्यासिकेतील माझी जागा मी सोडली आणि अनामत दुसऱ्याच दिवशी पूर्ण परत मिळाली. रविवारी मात्र मी जाते. चुकांच्या वह्या तपासण्याचे काम भाऊसाहेबांनी माझ्याकडे आणि त्या शेती करणाऱ्या तरुणाकडे दिले आहे, आणि इंग्रजीसाठी एका निवृत्त शिक्षिकेशी बोलणे चालू आहे. नवा गट ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुरू होतो. त्यासाठी अभ्यासिकेचे सभासद असणे बंधनकारक नाही; सकाळी नऊच्या आत पोहोचावे, कारण चाचणी सुरू झाल्यावर दार लावून घेतात, आणि दोनशे पानी एक कोरी वही सोबत आणावी.